९ आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) पातळ हगून राहिल्या, खाद्य तसंच बाहेर… काय चुकून राहिलं?

दारव्हेवाला:

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, कापूस-सोयाबीनवाला माणूस, कोंबड्यायचं हे पहिलंच वर्ष. मे च्या शेवटच्या आठवड्यात बीव्ही ३८० या अंड्यावाल्या जातीची २०० पिल्लं आणली, एक दिवसाची. त्या उन्हात कशी जगवली ते आमचं आम्हालेच माहीत, दिवसा कूलर अन रात्री बल्ब, पण मेली फक्त पाच. आज बरोबर ९ आठवडे झाले.

पहिले ६ आठवडे कंपनीचं चिक स्टार्टर दिलं, पोत्यामागे पोतं, खिसा रिकामा झाला. मग म्हटलं घरी मका पडून आहे, सोयाबीन पडून आहे, आपण कायले विकत घेऊन राहिलो, त सातव्या आठवड्यापासून घरीच बनवणं चालू केलं. शंभर किलोत मका ६०, घरचं सोयाबीन २०, सरकी ढेप १०, तांदळाचा कोंडा १० अन वरून दोन मुठी मीठ. गावच्या चक्कीवरून सगळं एकत्र दळून आणतो एकदम बारीक, म्हटलं लहान जीव आहे पचायले हलकं जाईन. बायको म्हणते आपल्या भाकरीच्या पिठापेक्षा कोंबड्यायचं पीठ बारीक.

आता झालं असं का खातेत भरपूर पण शी पातळ, त्यात पिवळे पिवळे कण दिसते. मधे मधे चॉकलेटी रंगाची, चिकट अन भयंकर वास मारणारी पण दिसते. मरतुक नाही, एक मुंगसानं नेली ती सोडून. काल दहा तलंगा काट्यावर ठेवल्या त सगळ्यात हलकी ५२० अन सगळ्यात भारी ७८०, बाकीच्या मधातल्या. सरासरी ६४० च्या आसपास.

तालुक्याच्या एका दुकानदारानं सांगितलं का आतापासूनच लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य, चालू कर अन पाण्यात लिक्विड कॅल्शियम दे, पोळ्यापर्यंत अंडं देतीन. दुसरा म्हणे आधी अँटिबायोटिकचा कोर्स मार. मी कोणाचं ऐकू? जाणकारांनी सांगा. पावसाची झड लागून आहे चार दिवसांपासून, ते पण लिहून ठेवतो.

साकोलीची ताई:

भाऊ एक सांगा आधी, सोयाबीन भाजून घालता का कच्चंच?

दारव्हेवाला:

कच्चंच ताई. भाजावं लागते का?

साकोलीची ताई:

मग अर्धं उत्तर तिथंच मिळालं. कच्च्या सोयाबीनमधे असं काही असते का ते कोंबडीच्या पोटातला प्रोटीन पचवणारा रसच बांधून टाकते. म्हणजे तुम्ही प्रोटीन म्हणून घालता अन तेच प्रोटीन पचू देत नाही, पातळ हगवण अन वजन थांबलेलं. भाजलं किंवा उकळलं का ते निघून जाते. ढेपवाले सोयाबीनचं जे डीओसी, म्हणजे तेल काढलेली ढेप, विकतेत ते कारखान्यातून भाजूनच येते, म्हणून ते चालते.

आमच्या बचत गटानं पण पहिल्या साली अशीच चूक केली, सोयाबीनची नाही त सरकी ढेपेची. आमच्याकडं धानाचा पट्टा, कनकी स्वस्त, कोंडा स्वस्त, प्रोटीनसाठी काय घालावं त एकीनं सांगितलं सरकी ढेप, म्हशीले चालते त कोंबडीले का नाही. झालं, पुढं अंडी चालू झाली अन गिऱ्हाईक वापस घेऊन आले, चार-पाच दिवस ठेवलेलं अंडं फोडलं त आतलं पिवळं हिरवट-काळपट. बाई म्हणे हे सडकं अंडं दिलं. सडकं नव्हतं, सरकीतल्या गॉसिपॉलनं तसं होते, पण गिऱ्हाईकाले कोण समजावन? तुम्ही त आताच बंद करा ती ढेप, गाईले घाला.

रिटायर_दवाखाना:

३४ वर्षं पशुसंवर्धनात काढली, आता घरी बसून आहे, म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

ताईंनी सोयाबीन आणि सरकीचं अगदी बरोबर सांगितलं. पण तुमच्या पोस्टमधे मला सगळ्यात जास्त खटकलं ते "एकदम बारीक, पचायला हलकं". हे आपण माणसाच्या हिशोबानं बोलतो. कोंबडीला दात नाहीत, तिचे दात पोटात आहेत. दाणा आधी गळ्याखालच्या थैलीत जातो, तिथे भिजतो. मग एक छोटं जठर, तिथे आम्ल आणि पाचक रस सुटतो. त्याच्या लगेच पुढे पेटा, चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तो, त्यालाच इंग्रजीत गिझार्ड म्हणतात. हा पेटा म्हणजे तिचं जातं. आणि हे जातं एकदा दळून पुढे ढकलत नाही, भरडलेलं परत वर जठराकडे पाठवतं, परत आम्ल लागतं, परत खाली येतं. जाड दाणा असला की हे जाणं-येणं बराच वेळ चालतं, तेवढ्या वेळात आम्ल नीट मुरतं, खाद्याबरोबर आलेले बरेच जंतू तिथेच मरतात.

पीठ दिलं तर पेट्याला कामच नाही. पीठ सरळ खाली आतड्यात घसरतं, अर्धवट पचलेलं शेवटपर्यंत जातं आणि तिथल्या जंतूंची दिवाळी होते. तुम्हाला दिसणारे पिवळे कण ते हेच. शिवाय काम नसलेला स्नायू वाढत नाही, पेटा लहान आणि ढिला राहतो. पुढे अंड्यावर आल्यावर तिला रोज ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य जिरवायचं असतं, ते ढिल्या पेट्यानं कसं जिरवणार?

बारीक पिठाचा आणखी एक त्रास म्हणजे ते चोचीला चिकटतं, पाणी पिताना भांड्यात धुतलं जातं, पाणी आंबतं. तुमच्या ड्रिंकरच्या तळाशी लगदा साचतो का पहा.

आता त्या चॉकलेटी शीबद्दल घाबरू नका. कोंबडीच्या आतड्याला शेवटी दोन बंद पिशव्या असतात, त्या दिवसातून काही वेळा रिकाम्या होतात, तीच ही चिकट आणि वासाची शी. साधारण आठ-दहा नेहमीच्या शीमागे एक असं दिसलं तर तो निरोगीपणा आहे. मी नोकरीत असताना हीच शी डबीत घालून लोक औषध मागायला यायचे.

पण झड लागून आहे म्हणालात म्हणून सांगतो, लाल रक्त दिसलं, तलंगा पंख फुगवून कोपऱ्यात बसायला लागल्या तर तो कॉक्सी, म्हणजे आतड्यातल्या परजीवीचा रोग असू शकतो, खाली अंथरलेल्या ओल्या तुसात तो फार लवकर पसरतो. तूस मुठीत दाबून पहा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओलं आहे, मूठ उघडल्यावर सुटलं तर ठीक. शंका आली तर ताजी शी घेऊन दवाखान्यात जा, यवतमाळला जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय आहे तिथे तपासून घ्या. आणि अँटिबायोटिकचा कोर्स "मारू" नका. कॉक्सी जंतू वेगळा, अँटिबायोटिकचं काम वेगळं. खाद्यानं झालेल्या हगवणीवर अँटिबायोटिक दिलं तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि हगवण राहतेच.

अझोला_अमरावती:

हे सगळं करायची गरजच नाही भाऊ. घरी अझोलाचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या त्या हिरव्या वनस्पतीचा बेड टाका, २५ टक्के प्रोटीन, खर्च शून्य. मी यूट्यूबवर पाह्यलं एकानं पूर्ण फार्म अझोलावर चालवला

काटोलचा संत्रेवाला:

दादा ते २५ टक्के वाळलेल्या अझोल्यात. ओला अझोला म्हणजे ९० टक्क्यांच्या वर पाणीच. एक किलो ओला घातला त हातात पन्नास-साठ ग्रॅम सुका माल येते, त्यातलं प्रोटीन किती राहीन हिशोब करा. हिरवं म्हणून थोडं घाला, तलंगा खुश होते, पण त्याच्या भरवशावर २०० कोंबड्या उभ्या होत नाही.

मी ५ हजार लेअरच्या शेडवर आठ वर्षं सुपरवायझर होतो, आता घरची संत्र्याची बाग अन ४०० कोंबड्या. डॉक्टर साहेबांनी पेट्याचं सांगितलं, मी शेडवरचं सांगतो.

चक्कीवर पीठ दळणं बंद. भरड काढा, मक्याच्या दाण्याचे तीन-चार तुकडे झाले पाहिजे, रवा अन त्याच्याहून जाड. हॅमर मिल असन त जाळी बदलायले सांगा, नाही त घरचं जातं वर करून फिरवा. सगळा माल एकाच वेळी नका दळू, डीओसी, चोकर त दळायची गरजच नाही, फक्त मका अन कनकी भरडा.

ग्रोअरच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या ते सतराव्या आठवड्यापर्यंत, प्रोटीन १६ टक्क्यांच्या आसपास पुरते. चिक स्टार्टरमधे २० असते ते तिथंच बरोबर. अन या वयात खाद्य थोडं "पातळ" पाहिजे, म्हणजे चोकर-कोंड्यावालं, फार ताकदीचं नाही. नवीन माणसाले वाटते चोकर घातला म्हणजे फसवलं. उलटं आहे. भरीचं खाद्य खाऊन खाऊन थैली अन आतडं मोठं होते, खायची सवय मोठी होते. तुमच्यासारखं ६० किलो मक्यावर ठेवली त थोडक्यात पोट भरते, चरबी चढते अन अंड्यावर आली का तोंड मारत नाही. खात नाही पण अंडं त देते, मग कुठून देते? स्वतःच्या अंगातून. दोन महिन्यांत वजन उतरते अन अंडी पण.

१०० किलोचं माझं ग्रोअर असं,
मका भरड ४५
कनकी १०
सोया डीओसी १६
गव्हाचा चोकर २०
तूर चुनी ५
डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड किलो, चुनखडी पावडर एक किलो सातशे, मीठ ३०० ग्रॅम, बाकी अर्धा किलोत लेअर ग्रोअरचा व्हिटॅमिन-मिनरल प्रीमिक्स अन मेथिओनिन (प्रोटीनचा एक घटक) १०० ग्रॅम

याच्यात प्रोटीन बरोबर १६ च्या आसपास येते, कॅल्शियम एक टक्का. तुमच्या २०० तलंगांना आतापासून १७ आठवड्यांपर्यंत साधारण सात क्विंटल लागन, एका दमात बनवू नका, १५ दिवसांचंच बनवा, पावसात भरडलेला मका लवकर गरम होते अन बुरशी धरते. एकदम पण बदलू नका, पाव, अर्धं, पाऊण असं करत आठवडा घ्या.

साकोलीची ताई:

तांदळाच्या कोंड्याबद्दल पण एक. ताजा असला त चांगला, पण त्यात तेल असते, पंधरा दिवसांत खवट होते. गिरणीतून आणला का वास घेऊन पाहायचा, कडसर वास आला त वापस. चोकर बरा पडते.

अन मका हातात घेऊन वाजवून पाहा. आमच्याकडं एक बाई दाताखाली दाणा फोडते, कडक तुटला त वाळलेला. टोकाजवळ हिरवी-काळी झाक दिसली त कितीही स्वस्त असो नाही घ्यायचा, बुरशीचं विष लिव्हरले लागते अन लस घातलेली पण नीट काम करत नाही.

दारव्हेवाला:

मंडळी लय लय धन्यवाद, इतकं कोणी सांगन असं वाटलं नव्हतं.

ड्रिंकर पाह्यले, साहेब म्हणाले तसंच तळाशी बोटभर लगदा, आंबट वास. लाज वाटली राव. रक्त नाही कुठंच. तूस दोन कोपऱ्यात ओलं होतं, गळून राहिलं होतं वरून, ताडपत्री टाकली अन तूस पलटवून नवीन भरलं.

आता एक गोष्ट सांगतो, हसू नका. कालच आणखी एक तलंग गेली, तेच मुंगूस, पण यावेळेस मायनं त्याच्या तोंडातून सोडवून घेतली, मान गेली होती. साहेबांचं पेट्याचं वाचलेलं डोक्यात होतं म्हणून मायले म्हटलं फाडून दाखव. पेटा काढला त जेमतेम सुपारीएवढा, बोटानं दाबला त पिचकते, आत पांढरा लगदा. माय म्हणे हा काय पेटा आहे? तिच्या डाल्याखालची एक गावरान पाहुण्यांसाठी परवाच कापली होती, तिचा पेटा असा का सुरी लागत नव्हती, आत ज्वारीचे दाणे, वाळूचे खडे, एक काचेचा तुकडा पण घासून गुळगुळीत झालेला. मायच्या कोंबडीले कोणीच काही सांगितलं नाही, दिवसभर उकिरड्यावर फिरते अन संध्याकाळी मूठभर ज्वारी.

म्हणजे मायचं बरोबर अन माझं यूट्यूब चूक, असं झालं.

प्रश्न दोन आहेत. आता नऊ आठवडे असेच गेले, आतलं सुधरन का? अन ते खडे यांनाही घालायचे का? दुकानात ग्रिट म्हणून पांढरे तुकडे मिळते, मार्बलचे, ते चालतीन का?

रिटायर_दवाखाना:

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. त्या पेट्याचं वर्णन वाचून मला कॉलेजातलं शवविच्छेदनाचं टेबल आठवलं.

सुधारेल. पेटा हा स्नायू आहे, काम मिळालं की वाढतो, जाड खाद्य आणि थोडा अख्खा दाणा चालू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. आणि नऊ आठवडे वाया गेलेले नाहीत. पहिले ६ आठवडे तुम्ही चांगलं स्टार्टर दिलं, ते फार महत्त्वाचं होतं. पिल्लू अंड्यातून निघालं की पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत त्याचं आतडं बाकी शरीरापेक्षा झपाट्यानं वाढतं, तिथे पैसे वाचवले असते तर नंतर भरून काढणं कठीण. तुम्ही घसरलात ते शेवटचे तीन आठवडे. वजन मागे आहे आणि ५२० ते ७८० असं विस्कळीत आहे, तिथे लक्ष द्या. सरासरीच्या दहा टक्के खाली-वर या पट्ट्यात शंभरातल्या ८० तलंगा आल्या की कळप एकसारखा म्हणायचा. लहान असतील त्या जाळी लावून वेगळ्या करा, मोठ्या त्यांना भांड्यापाशी येऊ देत नाहीत.

खड्यांचं. दुकानातल्या त्या पांढऱ्या तुकड्यांना ग्रिट म्हणतात खरं, पण मार्बल, चुनखडी, शिंपले हे सगळं कॅल्शियम आहे. पोटातल्या आम्लात ते विरघळतं, दळायला टिकत नाही. दळायला पाहिजे न विरघळणारा खडा, नाल्यातला, गारगोटीचा. या वयाला ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. चाळून, धुऊन, वाळवून वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात कालवू नका, ज्या कोंबडीला जेवढा पाहिजे तेवढा ती उचलते. फक्त भरडच देणार असाल तर खड्यावाचून अडत नाही, पण अख्खी ज्वारी देणार असाल तर ठेवाच.

आणि ते कॅल्शियम. तुमच्या दुकानदाराचा सल्ला वाचून मला राग आला होता, म्हणून कालच्या उत्तरात मुद्दाम टाळलं. लेअर मॅशमधे कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, कारण रोज एक कवच बनवायचं असतं. ९ आठवड्यांची तलंग कवच बनवत नाही, तर ते जादा कॅल्शियम जाणार कुठे? मूत्रपिंडावर. तिथे खडे धरतात, युरेट हा लघवीतला पांढरा क्षार साचतो, शी पांढरी आणि पाण्यासारखी होते, आणि ती कोंबडी अंड्यावर आल्यावर ऐन भरात मरते तेव्हा मालकाला वाटतं उष्माघात झाला. लवकर अंडं देतील हेही खोटं. अंडं वयानं, वजनानं आणि उजेडाच्या तासांनी येतं, कॅल्शियम पाजून येत नाही.

काटोलचा संत्रेवाला:

अन पोळ्याले अंडं घेऊन करणार काय? श्रावण चालू होऊन राहिला, पुढं गणपती, पुढं नवरात्र, आपल्याकडं अंडं कोण खाते या दिवसात. तुमच्या तलंगा हिशोबानं दसऱ्याच्या आगेमागे चालू होतीन, थंडीत भाव अन मागणी दोन्ही राहते, देवानंच टायमिंग जमवलं तुमचं, दुकानदार बिघडवायले निघाला.

ज्वारी संध्याकाळी द्या. २०० तलंगांना दिवसाला दहा-अकरा किलो खाद्य जात असन त त्यातलं अर्धा-पाऊण किलो अख्खी ज्वारी, जास्त नाही, नाही त बाकीच्याचं प्रोटीन घसरते. तुसावरच फेका. त्या उकरतेत, तूस आपोआप पलटते, तुमची मेहनत वाचते. पांढरी ज्वारी घ्या, लालसर-तपकिरी कडू जातीत टॅनिन राहते ते पचनाले आडवं येते.

आणखी एक शेडवरची सवय, बरेच लोक हे करत नाही. भांडं दिवसभर भरलेलं ठेवू नका. सकाळी टाका, दुपारी एखाद तास भांडं पूर्ण रिकामं झालं पाहिजे, तळ दिसला पाहिजे, मग दुपारून परत. कायले? कोंबडी निवडून खाते, मक्याचे तुकडे आधी उचलते अन खाली जे भुकटीसारखं राहते त्यातच तुमचे व्हिटॅमिन, मिनरल, मेथिओनिन. रोज नवीन टाकत गेलात त ते महागाचं भांड्यातच सडते. रिकामं केलं का तेही चाटून पुसून खाते. अन भुकेवर एकदम भरपूर खायची सवय लागते, थैली ताणते. उपाशी ठेवा म्हणत नाही मी, तास म्हणजे तासच, अन सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता आलं पाहिजे एवढी भांडी पाहिजे, नाही त त्या ५२० वालीले काहीच मिळणार नाही.

यवतमाळी_पोट्टा:

ताक चालते का कोंबड्यायले? आमच्याकडं आजी द्यायची पिल्लायले

साकोलीची ताई:

चालते. पातळ, बिनमिठाचं, ताजं, अन दोन-तीन तासांनी भांडं घासून परत साधं पाणी. आम्ही हगवणीत देतो, फरक पडते. पण पत्र्याच्या भांड्यात नाही, प्लास्टिक किंवा मातीच्या. अन दिवसभर ठेवून दिलं त माश्या अन नवीनच हगवण.

दारव्हेवाला:

मंडळी, तीन आठवड्यांनी आलो, मधे फवारणी अन डवरणीत अडकलो होतो.

सोयाबीन उकळून वाळवून पाह्यलं एकदा, एक दिवस पूर्ण त्यातच गेला अन पावसात वाळन कुठं, मग सोयाबीन ठेवून दिलं अन डीओसीचं पोतं आणलं. संत्रेवाल्या भाऊचंच खाद्य जसंच्या तसं चालू आहे, तूर चुनी गावातल्या दाल मिलवरून. चक्कीवाला भरड काढायले तयार नव्हता, म्हणे माझी चक्की पिठाची, कोंबड्यायसाठी सेटिंग बिघडवू का? मग मायचं जातं काढलं अडगळीतून. दोन दिवस बायको बोलली नाही माझ्यासंग. नंतर शेजारच्या गावात एकाची हॅमर मिल सापडली, मोठ्या जाळीची, आता तिथून आणतो.

पहिले पाच-सहा दिवस काहीच फरक नाही, उलट खाणं कमी झालं, जाड दाणा पाहून बावरल्या. दहाव्या दिवसापासून शी बांधून यायले लागली, वरून पांढरी टोपी असलेली. पिवळे कण गेले. चॉकलेटी आहेच अधूनमधून, आता तिची भीती नाही वाटत. १२ आठवडे झाले, वीस तलंगा मोजल्या, सरासरी ९४० आली, सगळ्यात हलकी ८१० अन भारी १०६०. लहान ३० वेगळ्या केल्या होत्या त्यातल्या २२ वापस मोठ्यात टाकल्या.

दुपारचा रिकामा तास सुरुवातीले पाहवत नव्हता, सगळ्या एका सुरात ओरडते अन माय शिव्या देते का कोंबड्या उपाशी मारून राहिला. आता सवय झाली. संध्याकाळची ज्वारी तीच फेकते, त तिचा आवाज आला का सगळ्याच्या सगळ्या जाळीपाशी, मी गेलो त ढुंकून पाहत नाही.

आता पुढचं विचारतो, ग्रोअरवरून लेअरवर कधी जायचं? दुकानदार परत भेटला होता.

काटोलचा संत्रेवाला:

९४० म्हणजे आठवड्याले शंभर ग्रॅम धरली, मस्त. अजून थोड्या मागं आहे पण रेषेवर येतीन.

सोळा आठवडे होऊन तुरा लाल अन मोठा व्हायले लागला, हात लावला का काही तलंगा खाली बसायले लागल्या, का मधलं खाद्य चालू करा, प्री-लेअर म्हणते त्याले, कॅल्शियम दोन-अडीच टक्क्यांचं. हाडाच्या आत कॅल्शियमची शिल्लक भरून घेते त्या तेवढ्या दिवसात. दोन आठवड्यांच्या वर नको. शेडमधे पहिली काही अंडी दिसली का पूर्ण लेअर. तेव्हा दुकानातलं ते पांढरं मार्बल ग्रिट घ्या, त्या वेळेस कामाचं आहे, दुपारून वेगळ्या भांड्यात, रात्रीच कवच बनते ना.

उजेड आताच वाढवू नका. लहान तलंगांना रात्री बल्ब लावून ठेवते लोक मुंगसाच्या भीतीनं, त्यानं लवकर अंड्यावर येते अन लहान अंडी देत राहते. मुंगसासाठी जाळी खाली फूटभर गाडा.

दारव्हेवाला:

बल्ब लावूनच होता भाऊ, मुंगसापायी. आजच काढतो. जाळी गाडायले उद्या माणूस सांगितला.